शेजारी आणि हाक : ख्रिस्ती विचारातील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

ख्रिस्ती जगण्याचे दोन आधार कोणते, असे विचारले तर बहुतेक पाळक आणि धर्मगुरू सांगतील : शेजाऱ्यावर प्रीती आणि देवाच्या हाकेला होकार. रविवारच्या उपदेशात या दोन गोष्टी सहसा जोडीनेच येतात. प्रत्यक्ष जगताना मात्र त्यांची अनेकदा फारकत झालेली दिसते. देवाने बोलावले म्हणून घर सोडणाऱ्याची पत्नी त्याची शेजारी नव्हे काय? भुकेल्याला भाकरी दिली की प्रीतीचे काम संपते, की त्याला सुवार्ता सांगणे हाही प्रीतीचाच भाग? वरिष्ठांचा आदेश एक सांगतो आणि मनातली हाक दुसरे, तेव्हा ऐकायचे कोणाचे?

या प्रश्नांवर दोन हजार वर्षे विचार चालू आहे. त्यात महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांनी टाकलेली भरही मोलाची आहे. ही चर्चा कुठून निघाली, तिच्यात कोणत्या भूमिका उभ्या राहिल्या आणि आज काय मिटले, काय उरले, याचा हा आढावा.

शास्त्रातली मुळे

दोन्ही आज्ञा यहुदी शास्त्रातल्या आहेत. देवावर पूर्ण मनाने प्रीती करण्याची आज्ञा अनुवादाच्या सहाव्या अध्यायात येते, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात. त्याच अध्यायात पुढे परदेशी माणसाला तोच न्याय लावला आहे आणि त्याचे कारणही दिले आहे : इस्राएल स्वतः एके काळी मिसर देशात परका होता. येशूने या दोन आज्ञा शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळे नियमशास्त्र त्यांवर टांगले. लूकच्या शुभवर्तमानात तर ही जोडणी येशूशी वाद घालायला आलेल्या शास्त्र्याच्याच तोंडी आहे. त्यानंतर शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येतो चांगल्या शोमरोन्याचा दाखला.

या दाखल्याचे बळ त्याच्या तपशिलात आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट सुमारे हजार मीटर खाली उतरते. वैराण, वळणावळणाची आणि लुटारूंना सोयीची. जखमी माणसाला ओलांडून याजक जातो, लेवी जातो. यहुदी ज्याला आपला मानत नाहीत असा शोमरोनी थांबतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, रात्रभर त्याची देखभाल करतो. सकाळी उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई ठेवतो आणि वर खर्च आला तर परतताना देईन असे सांगतो. मग येशू शास्त्र्यालाच विचारतो की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला. शेजारी कोण हे शोधण्याचा प्रश्न शेजारी होण्याच्या प्रश्नात बदलतो.

याजक आणि लेवी विटाळाच्या भीतीने पुढे गेले, असे स्पष्टीकरण उपदेशांत पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. यहुदी अभ्यासक एमी-जिल लेव्हिन यांनी त्यावर ठोस आक्षेप घेतला आहे. याजक यरुशलेमहून खाली उतरत होता, म्हणजे मंदिराच्या सेवेला निघाला नव्हता. शिवाय जीव वाचवणे आणि बेवारस प्रेताला मूठमाती देणे ही यहुदी धर्मात कर्तव्येच आहेत. दाखल्याचा रोख यहुदी धर्मावर नसून ऐकणाऱ्याने गृहीत धरलेल्या सीमेवर आहे, हे वाचन आज अभ्यासकांत बरेच मान्य झाले आहे.

हाकेच्या कथांचा सूर वेगळा आहे. अब्राहाम देश आणि बापाचे घर सोडतो. पुढे देवाच्या शब्दाखातर मुलाचा बळी द्यायला निघतो. योनाला शत्रूच्या निनवे शहरी जाण्याची हाक येते आणि तो उलट दिशेचे गलबत धरतो. मासेमारी करणारे याकोब आणि योहान बाप जब्दीला होडीतच सोडून येशूच्या मागे जातात. बापाला पुरून येतो म्हणणाऱ्या एकाला येशू तेवढीही सवड देत नाही. मात्र मार्कच्या शुभवर्तमानात हाच येशू, देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना कठोर शब्दांत दोष देतो. म्हणजे हाक आणि शेजारी यांच्यातला ताण मुळात शास्त्रातच आहे. पुढच्या भाष्यकारांनी तो उकलण्याचे वेगवेगळे मार्ग शोधले.

आधी कोण, मग कोण?

पहिला मार्ग क्रम लावण्याचा. ऑगस्टीनच्या (३५४–४३०) मते माणसाचे दुःख चुकीच्या गोष्टींवर प्रेम करण्यापेक्षा चुकीच्या क्रमाने प्रेम करण्यात असते. देव आधी, बाकी सारे त्याच्यात आणि त्याच्यासाठी. सर्व माणसांवर सारखीच प्रीती करावी, पण सर्वांचे भले करणे कोणाच्याच आवाक्यात नसल्याने स्थळ, काळ आणि परिस्थितीने ज्यांना आपल्याजवळ आणले त्यांच्याकडे आधी पाहावे, असे तो म्हणतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हा क्रम अधिक रेखीव केला. आईबाप, मुले, नातलग, गाववाले यांचे ऋण वेगवेगळे असते हे त्याने मान्य केले. पण परका माणूस प्राणांतिक गरजेत असेल आणि बापाची गरज तेवढी तातडीची नसेल, तर परक्याला आधी मदत करावी, हा अपवादही नोंदवला.

ही चर्चा २०२५ साली अचानक वर्तमानपत्रांत आली. अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी स्थलांतरितांविषयीच्या धोरणाचे समर्थन करताना याच प्रीतीक्रमाचा दाखला दिला : आधी कुटुंब, मग शेजार, मग देश, मग उरलेले जग. १० फेब्रुवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकी बिशपांना लिहिलेल्या पत्रात, प्रीतीचा खरा क्रम शोमरोन्याच्या दाखल्यावर मनन केल्याने कळतो आणि ती प्रीती कोणालाही वगळत नाही, अशी भूमिका घेतली. दोन्ही बाजूंना परंपरेत आधार सापडतो. जवळच्या माणसाची जबाबदारी टाळून दूरच्यावर प्रेम करणे सोपे असते, हे क्रमवाद्यांचे म्हणणे दुर्लक्षण्यासारखे नाही. क्रमाचे कुंपण झाले की दाखला हातातून निसटतो, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे.

मठातून बाजारपेठेत

हाक कोणाला येते? सुरुवातीच्या शतकांत उत्तर वाळवंटाकडे बोट दाखवत होते. सर्वस्व सोडून एकांतात गेलेला संन्यासी हा आज्ञापालनाचा आदर्श. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने या आदर्शाला आतून प्रश्न केला : एकटा राहणारा कोणाचे पाय धुणार? त्याने सामूहिक मठजीवनाचा पुरस्कार केला आणि शहराबाहेर आजारी व निराधारांसाठी मोठे सेवागृह उभारले.

मार्टिन ल्यूथरने हाकेची जागाच बदलली. १५२० साली त्याने ख्रिस्ती स्वातंत्र्यावर लिहिलेल्या पुस्तिकेचा गाभा असा : विश्वासाने माणूस सर्वांपासून मुक्त होतो आणि प्रीतीने सर्वांचा सेवक होतो. देवाला आपल्या सत्कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. त्यामुळे चांभार, दाई, न्यायाधीश, आई हे सारे आपापल्या जागी देवाच्या हाकेला उत्तर देत असतात. पाचारण ही धर्मगुरूंची मिरास राहिली नाही. कॅथलिक परंपराही पुढे वेगळ्या वाटेने याच्या जवळ आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयीच्या दस्तऐवजात पावित्र्याची हाक सर्व बाप्तिस्मा घेतलेल्यांना असल्याचे स्पष्ट केले.

या विचाराची अडचणही लवकरच दिसली. ज्या जागी आहेस तीच तुझी हाक, हे वाक्य कष्टकऱ्याला प्रतिष्ठा देते, तसेच त्याला त्याच जागी डांबूही शकते. १५२५ च्या शेतकरी बंडात ल्यूथर बंडखोरांच्या विरोधात उभा राहिला. जातीने काम ठरण्याचा शेकडो वर्षांचा अनुभव असलेल्या आपल्या समाजात तर ही शंका चटकन मनात येते. मिरोस्लाव्ह व्होल्फ या धर्मपंडिताने १९९१ साली पर्याय सुचवला : काम हे नेमून दिलेल्या जागेपेक्षा पवित्र आत्म्याने दिलेल्या दानांशी जोडावे. दाने बदलतात, वाढतात, म्हणून माणसालाही हलता येते. ल्यूथरचे समर्थक म्हणतात की त्याच्या मांडणीतही जागेची कसोटी शेजाऱ्याचे हित हीच होती. ज्या कामाने शेजाऱ्याचे नुकसान होते ते पाचारण ठरूच शकत नाही.

हाक नीतीच्या विरोधात गेली तर?

सोरेन कीर्केगोर या डॅनिश विचारवंताने हा प्रश्न टोकाला नेला. १८४३ च्या ‘भय आणि कंप’ या पुस्तकात अब्राहामाची कथा समोर ठेवून त्याने विचारले की देवापुढचे कर्तव्य नीतीच्या सामान्य नियमाला काही काळ बाजूला सारू शकते काय. चारच वर्षांनी, १८४७ साली, ‘प्रीतीची कृत्ये’मध्ये त्याने शेजारप्रीती हे कर्तव्य असल्याचे ठासून मांडले. मित्राची किंवा प्रियकराची प्रीती निवड करते. शेजारप्रीती निवडीची मुभाच ठेवत नाही. पहिल्या पुस्तकावर एमान्युएल लेव्हिनास यांचा आक्षेप आहे की त्यात नीतीला फारच सहज मागे टाकले आहे. कथेतला निर्णायक क्षण सुरी उचलण्याचा नसून, थांब ही दुसरी हाक अब्राहामाला ऐकू आली तो आहे. दुसऱ्या पुस्तकावर थिओडोर अडोर्नो यांचा आक्षेप असा की त्यातला शेजारी इतका सर्वसामान्य आहे की त्याच्या प्रत्यक्ष परिस्थितीकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर यांनी हाच पेच जगून पाहिला. १९३७ च्या शिष्यत्वावरील पुस्तकात त्यांनी येशूच्या हाकेला तत्काळ, अटीविना आज्ञापालन हेच उत्तर असल्याचे लिहिले. १९३९ च्या जूनमध्ये ते न्यूयॉर्कला सुरक्षित पोहोचले होते. पण संकटाच्या काळात आपल्या लोकांसोबत राहिलो नाही तर नंतर त्यांच्यात काम करण्याचा हक्क राहणार नाही, या जाणिवेने काही आठवड्यांतच जर्मनीला परतले. पुढे हिटलरविरोधी कटाशी त्यांचा संबंध आला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिली गेली. कटात सामील होणे हे आज्ञापालन होते की अपरिहार्य अपराध, याबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही. बोनहोफर यांनी स्वतःच्या निर्दोषपणाचा दावा केला नाही. शेजाऱ्यासाठी अपराधाचे ओझे उचलावे लागते, हा त्यांच्या नंतरच्या लेखनातला विचार आहे.

‘स्वतःसारखी’ प्रीती किती?

स्वीडिश बिशप अँडर्स नीग्रेन यांनी १९३० च्या दशकात ख्रिस्ती प्रीती ही काहीही न मागणारी, पात्रता न पाहणारी, स्वतःला रिते करणारी प्रीती असल्याचे मांडले आणि इच्छा, ओढ, आत्मप्रेम यांपासून तिला पूर्ण वेगळे काढले. हे चित्र दीर्घकाळ प्रभावी राहिले. १९६० साली धर्मपंडित व्हॅलरी सेव्हिंग यांनी त्याला धक्का दिला. त्यांचे म्हणणे असे की अहंकार हे मुख्य पाप आणि आत्मत्याग हा मुख्य सद्गुण, ही मांडणी पुरुषांच्या अनुभवावर बेतलेली आहे. जिला लहानपणापासून स्वतःला विसरायलाच शिकवले, तिला आणखी आत्मत्याग सांगणे हे औषध नव्हे. आपल्याकडच्या घरांत आणि धर्मभगिनींच्या मठांतही हा मुद्दा किती लागू पडतो, हे वेगळे सांगायला नको.

२००५ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या पहिल्याच परिपत्रकात नीग्रेन यांच्या विभाजनाला वळसा घातला : मागणारी प्रीती आणि देणारी प्रीती एकमेकींपासून तोडता येत नाहीत, फक्त देतच राहणारा माणूस आटून जातो. आज्ञेतल्या ‘स्वतःसारखी’ या अटीकडे विचारवंत आता पूर्वीपेक्षा अधिक लक्ष देतात. स्वतःची काळजी कुठे संपते आणि स्वार्थ कुठे सुरू होतो, ही रेषा मात्र कोणालाच नेमकी आखता आलेली नाही.

महाराष्ट्राने दिलेली उदाहरणे

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यात या आढाव्यातले जवळजवळ सगळे प्रश्न एकत्र भेटतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. त्या दोघींचा पत्रव्यवहार पुढे प्रकाशित झाला. तो वाचताना आज्ञापालनाच्या दोन कल्पना समोरासमोर उभ्या राहिलेल्या दिसतात. सिस्टर जेराल्डिन यांच्या दृष्टीने चर्चची शिकवण विनातक्रार स्वीकारणे हाच नम्रपणा. रमाबाईंचे उत्तर असे की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नाही. देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकणे हे आज्ञापालन होऊ शकत नाही. पुरुषांना शिकवण्याची संधी समोर आली तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी त्यामागचे कारण विचारले. तरीही सिस्टर जेराल्डिन यांची बाजू हटवादी म्हणून सोडून देता येत नाही. एकट्या माणसाला ऐकू आलेली हाक चुकीची असू शकते, आणि चर्च हे त्या हाकेची पारख करणारे कुटुंब आहे, ही त्यांची काळजी आजही अनेकांची आहे.

रमाबाईंची दुसरी कसोटी शारदासदनाची. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी सुरू झालेली ही संस्था पुढे पुण्याला गेली. संस्थेत धर्मशिक्षण नाही, असे ठरले होते. पण रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेचे दार उघडे असे आणि काही मुली तिथे येऊन बसत. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतीदार सल्लागारांनी राजीनामे दिले. आश्रितांच्या मनावर प्रभाव पडणारच, म्हणून आश्रय देणाऱ्याने अधिक जपायला हवे, हा त्यांचा मुद्दा. दार बंद करणे म्हणजे स्वतःचा विश्वास लपवणे, हा रमाबाईंचा. १८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तिथे शेती, विणकाम, छापखाना चालत असे. अंध स्त्रियांना ब्रेल शिकवली जात असे. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबल तिथल्याच बायकांनी जुळवले, छापले. मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, ते बाहेर आले.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची कथा हाकेची किंमत कोण मोजतो हे दाखवते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. त्यांच्यावर कोसळलेले दुःख, नातलगांत काढलेली वर्षे आणि मग आधी सोवळेओवळे सांभाळून पतीकडे परतणे, हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिले. पुढे, जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांची हाक त्यांच्यावर लादली गेली नाही. ती त्यांच्याकडे त्यांच्या वाटेने आली. मराठी ख्रिस्ती साहित्याने जगाला दिलेली ही साक्ष मला फार मोलाची वाटते, कारण हाकेच्या बहुतेक कथा निघून जाणाऱ्याने सांगितलेल्या असतात. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात एकत्र बसू शकत. संस्थेच्या चौकटीबाहेर हाक ऐकणाऱ्यांची मंडळी असू शकते काय, हा त्यातून निघालेला प्रश्न चर्चने अजून पूर्णपणे हाताळलेला नाही.

दया की न्याय?

विसाव्या शतकात शोमरोन्याच्या दाखल्याकडे पाहण्याचा कोन बदलला. एकेका जखमीला पट्टी बांधणे पुरे, की लुटारूंची ती वाटच बदलायची? मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये हाच मुद्दा मांडला. वर्षभराने, हत्येच्या आदल्या रात्री, मेम्फिसच्या सफाई कामगारांपुढे बोलताना त्यांनी पुन्हा यरीहोची वाट डोळ्यांपुढे आणली : मी थांबलो तर माझे काय होईल हा याजकाचा प्रश्न, मी थांबलो नाही तर याचे काय होईल हा शोमरोन्याचा. १९७१ साली पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतियेरेझ यांनी मुक्तीच्या धर्मविचारावरचे पुस्तक लिहिले. त्यांच्या मांडणीत शेजारी वाटेत आपसूक सापडत नाही. आपण आपली वाट बदलून त्याच्या वाटेवर जातो, आणि तो शेजारी सुटा माणूस नसून एक शोषित वर्ग असतो. याला विरोध करणारे म्हणतात की माणसाचा वर्ग झाला की त्याचा चेहरा हरवतो आणि शुभवर्तमान राजकीय कार्यक्रमात विरून जाते. व्हॅटिकनने १९८४ साली मार्क्सवादी विश्लेषणाबद्दल सावधानतेचा इशारा दिला. गरिबांना प्राधान्य हा विचार मात्र चर्चच्या मुख्य प्रवाहात टिकून राहिला.

भारतात हा प्रश्न जातीपाशी येऊन थांबतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर लिहिताना दोन गोष्टींवर बोट ठेवले : चर्चच्या आतही जात टिकली, आणि शिकलेल्या ख्रिस्ती वर्गाने अन्यायाविरुद्ध चळवळ उभारली नाही. मिशनऱ्यांनी शाळा आणि दवाखान्यांतून केलेली सेवा त्यांनी नाकारली नाही. तिच्यापुढे का गेला नाहीत, हे विचारले. त्याचे ख्रिस्ती उत्तर द्यायला वेळ लागला. महाराष्ट्रातले धर्मपंडित अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये दिलेल्या व्याख्यानापासून दलित धर्मविचाराची सुरुवात मानली जाते. त्यांच्या मांडणीत दलित हा दयेचा विषय राहत नाही. देव आणि शेजारी यांविषयी बोलण्याचा पहिला हक्कच त्याचा ठरतो.

जामखेडचे काम या मांडणीला जमिनीवर आणते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या जोडप्याने हे काम देवाने दिलेले मानले. गावातल्याच बायकांना, त्यांतल्या अनेक दलित आणि निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून शिकवले. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय यांची पहिली ओळख याच बायकांना होऊ लागली. पाण्याच्या बाबतीत त्यांनी एक निर्णय घेतला : कूपनलिकेच्या जागा शक्यतो दलित वस्तीत शोधायच्या. पाणी तिथे लागले की सवर्णांना हंडा घेऊन तिथेच यावे लागे. उपदेशाविना शिवाशिवीवर घाव बसला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे दया आणि न्याय असे दोन कप्पे करताच येत नाहीत.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पाणी, जमीन आणि हिरवाई वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ उभारली तेव्हा, धर्मगुरूने वेदी सोडून रस्त्यावर उतरावे काय, अशीही कुजबुज झाली. बोलणाऱ्यांची चिंता खोटी नव्हती. धर्मगुरू सर्वांचा असतो, आणि एका बाजूला उभा राहिला की दुसरी बाजू त्याच्याकडे पाप कबूल करायला येईल काय? दिब्रिटोंच्या कामातून मिळालेले उत्तर असे की, शेजाऱ्याची विहीर आटत असताना तटस्थ राहणे हीसुद्धा एक बाजूच असते.

सेवा आणि सुवार्ता

सेवा निरपेक्ष असावी, हे सगळेच म्हणतात. सुवार्ता सांगण्याची आज्ञा मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात आहे, तिचे काय? १९७४ साली लोझानला भरलेल्या जागतिक परिषदेच्या करारनाम्याने सुवार्ताप्रसार आणि सामाजिक जबाबदारी ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये मानली. राजकीय मुक्ती आणि तारण एकच नव्हेत, हेही त्यात स्पष्ट केले. काही मंडळ्या आजही सुवार्तेला अग्रक्रम देतात. काहींच्या मते दोन्हींचे वजन सारखे. काहींच्या मते गरजू माणसाची सेवा हीच पूर्ण साक्ष. भारतात त्यावर कायद्याची आणि सामाजिक संशयाची छाया आहे. मिशनरी कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल आणि १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ज्यात धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले, हे त्या चर्चेतले टप्पे. ज्याचे पोट आपल्या हातात आहे त्याची संमती कितपत मोकळी, हा १८९३ सालचा रानड्यांचा प्रश्न अजून जिवंत आहे. दुसऱ्या बाजूने दलित आणि आदिवासी ख्रिस्ती विचारतात की गरिबाला स्वतःचा धर्म निवडण्याची अक्कल नसते, असे गृहीत धरणे हा त्याचा अपमान नव्हे काय.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पारखेचा. हाक देवाची की स्वतःच्या इच्छेची, हे कसे ओळखावे? इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात मनातल्या हालचाली तपासण्याची शिस्त घालून दिली. इतरांनी मंडळीच्या संमतीवर भर दिला. दोन्ही मार्ग फसू शकतात. मन स्वतःला फसवते आणि मंडळी सत्तेला शरण जाते.

दुसरा प्रश्न अंतराचा. दूरच्या देशातले युद्ध हातातल्या फोनवर दिसत असताना वाटेत भेटलेला माणूस कोण, याचे उत्तर ऑगस्टीनच्या काळाइतके सरळ राहिलेले नाही. तिसरा सीमेचा. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकानंतर नदी, जंगल आणि अजून न जन्मलेली पिढी यांना शेजारी म्हणावे काय, यावर लिखाण वाढले आहे. समर्थकांना त्यात आज्ञेचा स्वाभाविक विस्तार दिसतो. शंका घेणाऱ्यांना वाटते की सगळेच शेजारी झाले तर आज्ञेची धार जाईल.

चौथा प्रश्न घरातला. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने बदलाची शिफारस केली. २०२२ साली नवा आयोग नेमला गेला. या कायदेशीर लढ्यात चर्च पुढे आहे, पण लग्नसंबंध आणि नेतृत्व यांत चर्चच्या आत जात किती उरली, याचा ताळेबंद तेवढ्याच मोकळेपणाने मांडला जात नाही, अशी दलित ख्रिस्ती लेखकांची तक्रार आहे.

आज चर्चा कुठे उभी आहे

इतक्या मतभेदांतही काही गोष्टी स्थिरावल्या आहेत. पाचारण धर्मगुरूंपुरते नाही, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परंपरा जवळ आल्या आहेत. एकेका माणसाला मदत आणि व्यवस्थेचा बदल यांना परस्परविरोधी मानणारे थोडेच उरले. भांडण प्रमाणावर आहे. आणि नुसत्या आत्मत्यागाला प्रीती म्हणण्याची सवय सुटत चालली आहे.

माझ्या वाचनातून पुढे येणारी सगळ्यांत महत्त्वाची हालचाल मात्र निराळी आहे. शतकानुशतके ही चर्चा देणाऱ्याच्या बाजूने झाली : मी कोणावर प्रीती करू, माझी हाक कोणती. गेल्या सव्वाशे वर्षांत जखमी माणूस स्वतः बोलू लागला. लक्ष्मीबाईंनी मागे राहिलेल्याची बाजू लिहिली, रमाबाईंनी शिष्येची, आंबेडकरांनी आणि निर्मळांनी ज्यांच्यावर दया केली गेली त्यांची. जामखेडच्या निरक्षर बायकांनी सेवा घेणारी आणि देणारी यांच्यातली भिंत कामाने पाडली. शास्त्रातल्या लहानग्या शमुवेलाला रात्री हाक आली तेव्हा ती देवाची आहे हे त्याला कळले नाही; म्हाताऱ्या एलीने सांगितल्यावर कळले. हाकेची ओळख पटायला दुसरा माणूस लागतो. तो दुसरा माणूस कोण असावा, वरिष्ठ, मंडळी की ज्याच्यासाठी आपण निघालो तो शेजारी, हाच या प्रश्नाचा पुढचा टप्पा आहे. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्यावर केलेल्या प्रीतीला आज्ञापालन म्हणण्याआधी ख्रिस्ती विचाराने यापुढे थांबायला हवे. आणि ते थांबणे शिकवायला लागणारी साधने मराठी परंपरेच्या हाताशी पुरेशी आहेत.